मरण्यात हातखंडा

डबिंगवाली आजवर किती वेळा मेली, याचा हिशेब ठेवायचं तिने कधीच सोडून दिलं होतं. ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका, त्यांना मराठीत बोलतं करायचं हे तिचं काम, आणि तिच्या वाट्याला यायची ती नायकाची आई. ॲनिमेतल्या आईचं एक ठरलेलं असतं. तिने सैल वेणी एका खांद्यावरून पुढे घेतली, की समजायचं, बाई काही पहिला भाग ओलांडत नाही. ती जरा खोकते, गोड हसते, "बाळा, मोठा हो" म्हणते आणि आटोपते. पुढे वर्षभर ती फक्त ढगांत दिसते, आणि ढगांतल्या बाईला संवाद नसतात. डबिंगवालीचा मरण्यात हातखंडा होता. एका सकाळी दोनदा मरून ती दुपारी जेवायला घरी येत असे.

स्टुडिओत सगळे तिला 'आई'च म्हणत. तिथल्या खोलीच्या भिंतींना गादीसारखं जाड अस्तर होतं, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की एसी बंद. बांगड्या चालत नसत, कडक इस्त्रीचे कपडे चालत नसत, आणि उपाशी पोट तर मुळीच नाही, कारण पोटातली गुरगुर माइकला सगळ्यात आधी ऐकू येते. समोरच्या पडद्यावरचं चित्र जितका वेळ ओठ हलवील तितकाच वेळ आपण बोलायचं. चित्राचं तोंड मिटलं आणि आपलं चालूच राहिलं, तर शटर ओढलेल्या दुकानातून माल विकल्यासारखं दिसतं. काचेपलीकडे दिग्दर्शक बसायचा. प्रत्येक वाक्यानंतर तो "सुंदर, वन्स मोअर" म्हणायचा, त्यामुळे त्याचं नाव वन्समोअर पडलं होतं. जे सुंदर झालं ते पुन्हा कशाला, हे त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती.

घरी नवरा आणि सासूबाई. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरी आला की स्वतःही दोन मजल्यांच्या मधे अडकल्यासारखा गप्प बसायचा. सासूबाईंनी सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, लोकांचे फोन जोडून देण्यात घालवली होती. म्हातारपणी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसायचं, मधलं पुसलेलं. समोरच्या माणसाचे कान दिसत, पण चेहरा नाही. सकाळी डबिंगवाली कामाला निघाली की जिन्यात उभी राहून म्हणायची, "आई, दार लावून घ्या," आणि आतून कडी वाजेपर्यंत थांबायची. एकदा कडी नुसतीच चाचपली गेली होती आणि दार दिवसभर सताड उघडं राहिलं होतं, तेव्हापासूनची ही सवय.

डोळे गेले तसा सासूबाईंनी टीव्ही कानांनी बघायला सुरुवात केली. कौटुंबिक मालिका त्यांनी आठवड्यात टाकल्या. चार जण एकदम बोलतात, वर नगारे बडवतात, अशी लाइन आमच्या एक्स्चेंजने तिथल्या तिथे तोडली असती, असं त्यांचं म्हणणं. भटकत भटकत त्या दुपारी चारच्या ॲनिमेवर येऊन टेकल्या आणि तिथेच रमल्या. त्याला कुणी कार्टून म्हटलेलं त्यांना खपत नसे. चांगलं ॲनिमे कोणतं, यावर त्यांची ठाम मतं होती आणि ती ऐकून घेतल्याशिवाय घरात चहा मिळत नसे. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, हे पहिलं. चहा ओतला तर ओतण्याचा आवाज बदलत बदलत जातो, कप भरल्याचं आपल्याला आपोआप कळतं, कुणी सांगावं लागत नाही. जिथे हे नाही ते ॲनिमे भिकार. पण त्यांचा खरा जीव होता खलनायकांवर. "जिचा राग येतो तिचंही थोडं पटलं पाहिजे," त्या म्हणत. "नाहीतर नुसती मारामारी. ती खाली रस्त्यावर फुकट बघायला मिळते." नायकाच्या मेलेल्या आयांबद्दल मात्र त्यांना काडीची आस्था नव्हती. सुनेचा आवाज ऐकला की त्या म्हणायच्या, "गेलीस का पुन्हा?"

आणि मग ती कुलपाची म्हातारी आली.

बर्फातल्या एका गावाची ही मालिका. तिथल्या प्रत्येक दाराला एका म्हातारीने कुलूप घातलेलं आहे, कुणी बाहेर जायचं नाही, आणि नायक पोरगा भाग संपतील तसतसं एकेक कुलूप फोडतो आहे. म्हातारी शेवटच्या भागापर्यंत जिवंत. या भूमिकेसाठी वन्समोअरने नावाजलेल्या बायका बोलावल्या. सगळ्यांनी म्हातारी म्हणून थरथरत्या बकरीचा आवाज काढला. डबिंगवालीनेही बकरीच काढली, आणि ती नाकारली गेली. बिचारी बाहेर पडणार, तेवढ्यात चहा घेऊन आलेला माणूस त्या गादीच्या खोलीचं दार उघडंच टाकून गेला. ती वळली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "दार उघडं टाकून जायला ही काय धर्मशाळा आहे?" आवाज चढला नव्हता. घाई नव्हती. एकेक शब्द टेबलावर मोजून ठेवल्यासारखा. वन्समोअर त्या दिवशी पहिल्यांदाच 'वन्स मोअर' म्हणायला विसरला. भूमिका तिला मिळाली.

आता अडचण अशी, की तो आवाज तिचा नव्हता. तो अथपासून इतिपर्यंत सासूबाईंचा होता. वर्षानुवर्षं तो कानावर झेलून झेलून तिच्या घशात मुरला होता. घरी तिने सांगितलं, नायकाच्या आत्याचं काम आहे. मालिका भलत्याच चॅनलवर लागेल असा तिचा अंदाज होता. ती लागली दुपारी चार वाजता, सासूबाईंच्याच चॅनलवर.

पहिला भाग लागला त्या दिवशी ती घरी आली ती पाय ओढत. सासूबाई म्हणाल्या, "ही म्हातारी ठसक्याची आहे. कोण गं ही?" डबिंगवालीने ठोकून दिलं, बाहेरून कुणीतरी ज्येष्ठ बाई आणल्यात. "अस्सं," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय तिथे संपला. पण रोज त्या म्हातारीवर टिप्पणी सुरू झाली. खरी म्हातारी बोलण्याआधी खाकरत नाही, समोरचा गप्प होण्याची वाट बघते. चिडली की आवाज वर नेत नाही, खाली आणते. डबिंगवाली मान खाली घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तसंच करायची. म्हातारी दिवसेंदिवस अशी काही बहरली, की वन्समोअर तिच्या वाक्यांना एकदाच 'सुंदर' म्हणू लागला. इकडे डबिंगवालीची झोप उडाली. आज ना उद्या हे बिंग फुटणार, आणि फुटलं की या घरात आपलं काही खरं नाही, एवढंच तिच्या डोक्यात.

बिंग राहिलं बाजूला. शेवटचा भाग आला आणि म्हातारीला मरायचं होतं.

जी बाई डुलकी काढावी तशी मरायची, तिला मरता येईना. पहिला सगळा दिवस फुकट गेला. मरायची वेळ आली की सासूबाईंचा आवाज घशातून निसटायचा आणि तिथे वेणीवाली आई खोकायला लागायची. "आई, तुम्ही मरताय," वन्समोअर वैतागून म्हणाला. "म्हातारी नाही मरत आहे." त्यात शेवटचं वाक्यही अवघड होतं. अनुवादकाने लिहिलं होतं, "हे अनंत अंधारा, आता तूच मला तुझ्या कुशीत सामावून घे." पडद्यावर म्हातारीचं तोंड उघडत होतं अवघं चार वेळा. शेवटी वन्समोअरने सांगून टाकलं, उद्या जमलं तर ठीक, नाहीतर मरणापुरती दुसरी बाई बोलवतो. दुसरी बाई म्हणजे बकरी. इतके दिवस जी बाई सासूबाईंसारखी बोलली ती बें करून मरणार, या कल्पनेने डबिंगवालीच्या अंगावर काटा आला. आणि आपण सासूबाईंना मारायचं, या कल्पनेने तर रडूच आलं.

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. ती समोर बसली आणि कबूल झाली.

"आई, ती म्हातारी मीच आहे."

"माहीत आहे."

"आणि आवाज..."

"माझा आहे. तेही माहीत आहे." त्यांनी बोटांनी एक शेंग उकलली. "उभा जन्म हेडफोन लावून माझाच आवाज ऐकलाय मी. मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू बुजली असतीस. बाई चांगली चालली होती."

डबिंगवालीने मग सगळं सांगितलं. म्हातारी उद्या मरणार, आणि तुमच्या आवाजात मला मरवत नाही. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तुला हे हसत हसत जमलं असतं." हे खरंच होतं. सासूबाईंनी वाक्य वाचून दाखवायला सांगितलं. अनंत अंधारापर्यंत त्यांनी कसंबसं ऐकून घेतलं.

"एवढं बोलायला दम आहे तर मरते कशाला? कुठे मरते ती?"

उंबऱ्यावर, डबिंगवाली म्हणाली. फार पूर्वी म्हातारीचा स्वतःचा मुलगा उघड्या दारातून बर्फात गेला होता आणि परत आला नव्हता, म्हणून ही सगळी कुलपं. आता नायक शेवटचं कुलूप फोडतो, म्हातारी पहिल्यांदाच बाहेर पाऊल टाकते आणि बर्फात विरून जाते. पोरगा आत, दारात उभा.

"मग ती अंधाराशी कशाला बोलेल? दारात पोर उभं आहे, थंडी आत येतेय." सासूबाईंनी हात झटकले. "बाहेर जाणारं माणूस मागच्याला काय सांगतं? रोज सकाळी तू मला काय सांगतेस?"

नकळत डबिंगवालीचे ओठ हलले. दार लावून घे. तोंड चार वेळा उघडलं.

दुसऱ्या दिवशी अनुवादकाने फोनवर बरीच कुरकुर केली, पण शब्द ओठांवर नेमके बसतात म्हटल्यावर वन्समोअरने त्याला गुंडाळून ठेवलं. डबिंगवालीने पडद्याकडे पाहिलं. आवाज थरथरवला नाही, खोकली नाही. कोपऱ्यावरून दूध आणायला निघाल्यासारखं, सासूबाईंच्या आवाजात, तिने सांगितलं, "दार लावून घे." काचेपलीकडून वन्समोअरने बटण दाबून विचारलं, चहा घेणार का.

तो भाग लागला त्या दिवशी नवरा लवकर घरी आला होता. म्हातारी बोलायला लागल्यावर त्याने मान वर केली आणि म्हणाला, या बाईचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. मग तो चार्जर शोधायला आत निघून गेला. सासूबाई ताठ बसून ऐकत होत्या. वारा आला, बर्फावर पावलं वाजली, ते तीन शब्द झाले, आणि दार अगदी हळू मिटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. संगीतही नाही.

"बरी गेले मी," सासूबाई म्हणाल्या. "घाई केली नाहीस ते चांगलं केलंस." आणि त्यांनी चहा मागितला.

सकाळी डबिंगवालीला नव्या मालिकेसाठी बोलावलं होतं. पुन्हा एक आई, पुन्हा खांद्यावर वेणी. तिने चपला घातल्या, जिन्यात येऊन सवयीने मागे वळली, तोंड उघडलं आणि म्हातारीचं वाक्य ओठांवर येताच मिटलं. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, कानच तेवढे दिसत असणार.

"मी इथेच आहे अजून," त्या म्हणाल्या. "तू नीघ. लावते मी."

आतून कडी वाजली. तरी ती बराच वेळ जिना उतरली नाही.