शॅम्पेन केकसोबत पिऊ नये

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बोंबील. इथल्या, आखातातल्या, अल खौदच्या दुकानातले, बर्फातले. बायको खुर्चीवर बसून चिरून मधला काटा काढत होती, मी दोन ताटांमध्ये दाबून पाणी काढत होतो. रवा तिने लावला, तळले मी. तेल जास्त ओतलं म्हणून बोलणीही खाल्ली.

सहा महिने औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली होती. सुरमईचं कालवण दिलं तरी म्हणायची, "माती." अंगावरचे कपडे सैल होत चालले होते. एक जेवण तरी तिला चवीने जावं, एवढंच माझं मागणं होतं.

आदल्या दिवशी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. इथे दारू घ्यायला परवाना लागतो, मुलाने त्याच्या परवान्यावर फ्रान्सची शॅम्पेन आणली. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत केक कापायचा आणि टोस्ट उचलायचा, हे ठरलेलं. मी शिकलो चौथीपर्यंत, पण इथल्याच कुरुम भागातल्या हॉटेलात तीस वर्षं ग्लास पुसले आणि वाढले. कोरड्या शॅम्पेनसोबत गोड खाल्लं की ती आंबटढाण लागते, हे मला पक्कं ठाऊक. तरी गप्प बसलो. फोटो काढायचे होते ना. तिने केक खाल्ला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे व्हिनेगर श्रीमंत लोक पैसे देऊन पितात?"

सगळे हसले. मी नाही हसलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी लागलं होतं, आंबट का होईना. उरलेली बाटली घट्ट बूच लावून फ्रिजात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बोंबील काढले.

दुपारी मुलगा-सून ऑफिसला गेलेली. ताट मांडलं, ग्लास भरले. ती ग्लासाकडे संशयाने बघत बसली.

"कसल्या द्राक्षांची ही?"

"तीन जातींची. शार्दोने पांढरी. पिनो नुआर आणि पिनो मुनिए, या दोन काळ्या."

"काळ्या? आणि पाणी असं पांढरं? म्हातारपणी तरी थापा मारू नका."

टेबलावर काळी द्राक्षं होती. एक सोलून तिच्यापुढे धरलं. "बघ गो, आत कुठे काळं आहे? रंग सालीत. हलकं दाबायचं आणि रस लगेच बाजूला काढायचा."

"मग साली कुणाला घालतात?"

"मला काय विचारतेस? मी ग्लास पुसायचो."

आधी बोंबील खा, मग घोट घे, असं सांगितलं. मिठाने शॅम्पेनचा आंबटपणा उतरतो, आणि शॅम्पेनने जिभेवरचं तेल निघतं. तिने खाल्लं, प्यायली आणि थांबली. मला वाटलं, आता माती म्हणणार. तिने ग्लास नाकाशी नेला.

"फुग्यांच्या पिठाचा वास येतोय. ताडी घालून आंबवलेल्या."

फुगे म्हणजे आमच्याकडे लग्नात तळतात ते मैद्याचे गोळे. शॅम्पेन वर्षानुवर्षं बाटलीत यीस्टवर ठेवतात, म्हणून पावाचा वास येतो, असं आमचा साहेब पाहुण्यांना सांगायचा. ते बरोबर निघालं.

"आणि हे लिंबासारखं," ती म्हणाली. "आणखी एक द्या. तुम्ही पुरे करा, पोट बघा स्वतःचं."

तीन बोंबील खाल्ले तिने. संध्याकाळी बसल्या जागी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर आले. अंत्यविधीच्या मिस्सात तिच्याबद्दल चार शब्द बोलायचे म्हणून मुलाला विचारून लिहून घेत होते. मुलगा म्हणाला, "लास्टला मम्मीने जेवण सोडलं होतं." त्याची चूक नाही, तो ऑफिसात होता.

मी म्हटलं, "फादर, ते खोडा. तिने तीन बोंबील खाल्ले, वर शॅम्पेन प्यायली, आणि तिला चव लागली. असं लिहा."

"अंकल, चर्चमध्ये शॅम्पेन कशी म्हणू?"

"मग चव लागली एवढं तरी म्हणा," मी म्हटलं, आणि त्यांनी लिहीपर्यंत समोरून हललो नाही.