सुमनबाईंच्या गिरणीतला तापट डबा

एखादं यंत्र सुधारायला घ्यावं, तर सुधारणा राहते बाजूला आणि किस्सेच जमत जातात. आमच्याकडे तर इतके जमलेत, की कुणी नुसतं 'कन्व्हर्टर' म्हटलं तरी देवाजीभाऊ आधी हसून घेतात! मला ते नीट सांगता येतील की नाही, देव जाणे. वर्गातसुद्धा विनोद करण्याआधी मला घाम फुटायचा.

आम्ही तिघं. देवाजीभाऊंचं कुरखेड्यात मोटर वाइंडिंगचं दुकान. सुमनबाई जवळच्या जंगलातल्या गावात बचत गटाची सोलर भातगिरणी चालवतात. आणि मी इलेक्ट्रॉनिक्सचा निवृत्त प्राध्यापक. गिरणीची बॅटरी कमी व्होल्टेजची, मोटर जास्तीची. मधला बूस्ट कन्व्हर्टरचा डबा व्होल्टेज वाढवून देतो, पण त्यासाठी बॅटरीतून दांडगा करंट ओढतो. त्यातली बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि डबा फार तापला की गिरणी बंद! इकडे सुमनबाई होणाऱ्या व्याह्यांपुढे बोलून बसलेल्या, "पोरीच्या लग्नाचा तांदूळ आमच्याच मशीनचा!" लग्न तर तोंडावर आलेलं.

*

पहिल्यांदा डबा बघायला गेलो, तर त्यावर फडकं आणि फडक्यावर मोहफुलं पसरलेली. मी ती बाजूला करू लागलो.

सुमनबाई धावत आल्या, "सर, काऊन हटवता? वाळून राह्यले ना ते!"

वाया जाणाऱ्या विजेवर माझी पीएचडी आहे. इथली वीज वाया जात नव्हती, एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं!

*

मी सांगितलं, "तारा जाड हव्यात आणि जमेल तेवढ्या आखूड. लांब तारेत वीज मरते." देवाजीभाऊंनी लगेच बदलल्या. इतक्या आखूड केल्या, की डबा बॅटरीला चिकटून बसला आणि झाकण उघडेना.

"भाऊ, आता आत काही बिघडलं तर?"

"बिघडाचं नाई सर. खोलताच येत नाई, तं बिघडन कसं?"

*

मग तारा वीतभर वाढवून झाकण उघडलं आणि आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, नवी घालायचं ठरलं. मी हिशेब मांडला, खोडला, पुन्हा मांडला. तोवर देवाजीभाऊंनी दोन कॉइल गुंडाळूनही टाकल्या.

"तुमचं गणित होऊ द्या सर. दोनातली एक तं बरोबर निघन!"

गणित झालं. दोन्ही चुकल्या होत्या. आणि त्यानंतर कळलं, की गणितही चुकलं होतं!

*

शेवटी ठरवलं, सगळा करंट एकाच कॉइलमधून नको, दोघींत वाटून देऊ. सुमनबाईंना समजावलं, "एका उखळात दोघी बाया आळीपाळीनं मुसळ घालतात ना, तसं."

त्या म्हणाल्या, "दोघीईचं पटते का, ते पहा आधी! मी अन् सासू कांडाले बसलो, का तांदूळ कमी अन् भांडन जास्त निघे!"

मी हसलो. जोडून बघितलं, तर एक कॉइल सगळा भार ओढतेय, तापून लाल व्हायची बाकी, आणि दुसरी गारेगार!

देवाजीभाऊंनी मान तिरपी करून आत पाहिलं. "सर, यातली सासू कोनती?"

दोन्ही कॉइल अगदी सारख्या गुंडाळल्या, तेव्हा कुठे त्यांचं पटलं.

*

लग्नाचा तांदूळ काढायचा दिवस. व्याही, विहीणबाई, अर्धं गाव हजर. सुमनबाईंनी पदर खोचला, धान ओतलं, स्विच वर केला. गिरणी धडधडली आणि पांढरा तांदूळ टोपलीत पडू लागला. लोक टाळ्या वाजवताहेत, पण माझं लक्ष डब्याकडे. हळूच हात लावला. कोमट! बराच वेळ थांबून परत लावला. तरी कोमटच! मोटर एवढ्या जोरात आणि डबा असा? काहीतरी भयंकर चुकलंय!

"बंद करा!" मी ओरडलो आणि स्वतःच स्विच खाली ओढला.

गिरणी थांबली. टाळ्या थांबल्या. व्याही घाबरून सुमनबाईंकडे बघू लागले. "सरले काय झालं?"

सुमनबाईंनी पुढे येऊन डब्यावर पालथा हात ठेवला, स्विच परत वर केला आणि टोपली सरकवत म्हणाल्या,

"काई नाई, इवाई. पहिल्यांदाच बरोबर झालं त्याईचं, म्हून भेले!"