येऊनच राहिलो

संत्रं सोलल्याचा वास आला की मला नागपूरजवळच्या हिंगण्याकडच्या आमच्या जुन्या ऑफिसातली एक दुपार आठवते. आम्ही एका दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर करत होतो. हव्या त्या गटाचं रक्त आहे का, हे ते रक्तपेढीच्या सर्व्हरला विचारणार होतं. चाचणीसाठी खऱ्या पेढीला सारखं सतावता येईना, म्हणून तिच्या जागी उत्तरं देणारी नकली पेढी उभी करायची होती आणि त्यासाठीच्या तीन टूल्सवरून आम्ही आठवडाभर भांडत होतो. कोणतं वेगवान, कोणतं सोपं. आमच्या सगळ्यांत जुन्या टेस्टर ताई संत्रं सोलत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पटापट उत्तर तं तिन्ही देऊन राहिले बाप्पा. पण 'येऊनच राहिलो' म्हणून न येणारं कोणतं हाय?" आम्ही हसलो, कारण नागपुरात 'येतोच आहे' अशा अर्थानं असं म्हणणारा माणूस बहुधा अजून आंघोळीलाच बसलेला असतो. तसं वागणं एकाच टूलला जमत होतं: विचारणा घ्यायची आणि गप्प बसायचं. ताईंनी ते लावलं. आमच्या पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं; आमच्या सॉफ्टवेअरनं ना चूक दाखवली, ना दुसऱ्या पेढीला विचारलं. ताईंचं संत्रं सोलून संपलं. "एवढ्या वेळात पेशंट काय करून राहिला असन?" त्यांनी हळूच विचारलं आणि एक फोड पुढे केली. कुणीच ती घेतली नाही. आता टूल मी निवडतो. आधी त्याला गप्प बसवतो, आणि ते चक्र थांबून दुसऱ्या पेढीला विचारणा जाईपर्यंत खुर्चीवरून उठत नाही.