मंडईच्या दिवशीचं कुलूप

पंधरा वर्षांचं घरकर्ज आम्ही नऊ वर्षांत फेडलं. बँकेतल्या साहेबांनी कर्ज फिटल्याचा दाखला हातात दिला, तेव्हा मी त्यांनाच विचारलं, "आता काय करायचं?" ते म्हणाले, "काही नाही. घरी जा." मी तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मुनीम आहे, ट्रकभर पोत्यांचा हिशेब उभ्या उभ्या करतो. पण त्या दिवशी बँकेच्या पायरीवर मला काही सुचेना. बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, "मंग येतानी चांगले तांदूळ घेऊन या."

नऊ वर्षं आम्ही कनकी खाल्ली. धान भरडताना तुटलेले दाणे म्हणजे कनकी. ती मिलमधून स्वस्तात मिळे. बायको ब्लाउज शिवत असे. हप्ता भरून वर जे उरेल ते आम्ही थेट मुदलात टाकत असू. पहिल्यांदा जास्तीची रक्कम भरली तेव्हा साहेबांनी विचारलं, हप्ता कमी करू की मुदत? साहेबांपुढे मी उगाच नरमलो आणि म्हणालो, "तुमाले बरं वाटंल तसं करा." त्यांनी हप्ता कमी केला. घरी आल्यावर बायकोनं माझी अशी काही हजेरी घेतली की विचारू नका. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली आणि मुदत कमी करून आली. तेव्हापासून बँक तिच्याकडे आणि खर्चाला कात्री लावणं माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

त्या कात्रीत मंडई सापडली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. पाळणे लागतात, जिलेबी आणि शिंगाड्यांची दुकानं बसतात, दंडारीचं लोकनाट्य होतं. त्या दिवशी गावच्या लेकी-जावयांनी यायचं, मटण-वडे खायचे आणि लेकीनं साडी घेऊन जायचं, अशी रीत. आम्ही घर बांधलं ते तुमसरजवळच्या आमच्याच गावात, त्यामुळे मंडई अगदी दारात. दुसऱ्या वर्षी मी तिचा खर्च कागदावर मांडला, तर तो बरोबर एका हप्त्याइतका भरला. मी बायकोला म्हटलं, यंदापासून मंडईच्या दिवशी घराला कुलूप लावायचं आणि तुझ्या माहेरी एकोडीला जायचं. तिथे आपण पाहुणे. बायकोनंही मान डोलावली. आपण फार डोकं लढवलं असं मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला.

मला एकच बहीण. माझ्याहून मोठी, मी तिला बाई म्हणतो. ती कोंढ्याला दिलेली. आई-वडील गेल्यापासून माझं घर हेच तिचं माहेर. भाऊबीजेला मी तिच्याकडे जात असे. ओवाळणीतही मी हळूहळू हात आखडता घेतला होता, पण ती काही बोलली नाही. मंडईचं मी काढत नसे, तीही काढत नसे. मला वाटे, बरं झालं, विसरली.

एका गोष्टीचा उलगडा मात्र होत नसे. मंडईच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो की फाटकाच्या कडीला एक पिशवी अडकवलेली असे. कधी लाखोरीची डाळ, कधी पोहे. बायको ती डाळ त्या महिन्याच्या खर्चातून वजा करून टाके. आमच्या शेजारच्या काकूंनी ठेवली असेल असं समजून मी त्यांना दरवर्षी दोन पायल्या कनकी नेऊन देई. त्या घेत, माझ्याकडे पाहत, आणि "मंडई चांगली झाली हो" एवढंच म्हणत. त्या असं का पाहतात ते मला कळत नसे.

कर्ज फिटलं त्या वर्षी भाऊबीजेला मी बाईला ते सांगितलं. ओवाळणीत पाचशेची नोट टाकली आणि म्हणालो, "बाई, यंदा मंडईले ये."

ती निरांजन खाली ठेवत म्हणाली, "मी तं दरसाल येतो."

"दरसाल? कुठं?"

"तुह्या घरी. कुलूप राहे. मंग शेजारच्या काकू बोलावून घेत. जेवून-खाऊन, मंडई पाहून संध्याकाळच्या बसनं वापस येत होतो. डाळ फाटकाले लटकवून देत होतो. भेटली नाही का तुले?"

कोंढ्याहून आमच्या गावी यायचं म्हणजे दोन बस बदलाव्या लागतात. सात वर्षं ती त्या बदलत होती. मी म्हणालो, "मंग फोन काहून नाही केला?"

"फोन करून मायेरी जातेत का कोणी?" ती म्हणाली. रागावून नाही, तिला खरंच नवल वाटल्यासारखं. "मले वाटे, यंदा असाल."

मी परतीची बस धरली. येते म्हणाली की नाही, हे घरी पोहोचेपर्यंत मला आठवेना. बायकोनं विचारलं तर मी म्हणालो, "मालूम नाही." फोन करायची तर आता सोयच राहिली नव्हती.

मंडईच्या दिवशी मी पहाटेच मटण आणलं. बायकोनं वडे तळले. साडी पलंगावर काढून ठेवली, चांगली, भारीतली. बारा वाजले, एक वाजला. मी दोनदा बसस्टॉपवर जाऊन आलो. दीडच्या सुमारास काकूंच्या घरातून हसण्याचा आवाज आला, आणि तो बाईचा होता.

मी गेलो. ती काकूंकडे पाटावर बसली होती, अर्धं ताट संपलेलं. आमचं दार तर सताड उघडं होतं. तिला ते दिसलं नव्हतं, की दिसूनही ती इकडे वळली होती, मला आजही सांगता येणार नाही. मी चौकटीत उभा राहून म्हणालो, "बाई, घरी चाल ना. वाट पाहून राहिलो आमी."

"येतो," ती म्हणाली. "पण जेवण होऊ दे. यायनं सात वर्सं बसवून जेवू घातलं, आज अर्ध्यातून कशी उठू?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला अजून एक वडा वाढला. तो नको म्हणायचा माझा काही हक्क नव्हता. मी ओसरीवर तिच्या चपलांशेजारी बसलो आणि तिचं जेवण व्हायची वाट पाहू लागलो.