चुन्याखालचे पतंग

दौलताबादला माझ्या सासरच्या घरामागे एक दगडी भिंत होती. पावसाळ्यात तिच्यावर दगडफुलाच्या जातीची करडी-हिरवी खपली धरायची. तीच खपली खाऊन वाढणारा एक पतंग होता, नखाएवढा. पांढरे पंख, त्यांवर लाल पट्टे आणि काळे ठिपके. हिमरूच्या शालीचा काठ कातरून उडवावा तसा. त्याची अळी अंगावरचे केस उपटून स्वतःभोवती जाळीदार पिंजरा विणायची आणि आत कोष करून बसायची. मी शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवायची, पण या पतंगाचं नाव मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

कॉलेजातल्या माझ्या सरांना कळवलं. पुण्याहून येतो म्हणाले. एकही मारून ठेवू नकोस, भिंतीवर आहेत तसेच बघू. मी हरखून घरात सांगितलं, "सर आपली मागची भिंत बघायला येणार आहेत." सासऱ्यांच्या कानात भिंत तेवढी राहिली. पतंगाचं मी महिनाभर सांगत होते, ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सुनेचं खूळ कोण ऐकतो?

आदल्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात चुन्याची बादली. भिंत तारेच्या ब्रशनं खरवडून पांढरीफेक केलेली. सासरे धोतर खोचून उभे, भुवयांवर चुना.

"पुण्याचा साहेब भिंत बघाया येतोय अन् ती मळकी ठेवावी व्हय? लई घाण बसली व्हती, सूनबाई. नवरात्रासाठी काढायचीच, ती आधी काढली."

ज्या म्हाताऱ्यानं माझ्यासाठी दिवसभर उन्हात हात चालवले, त्याच्यावर ओरडायचं कसं? मला अजून राग येतो तो याचाच. ओरडायचीसुद्धा सोय ठेवली नाही.

सर आले. चुन्याखाली राहिलेल्या कोषांच्या एकदोन गाठींवर त्यांनी बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कशी काय भिंत?" सासऱ्यांनी विचारलं.

"छान," सर म्हणाले, आणि पुरणपोळी जेवून संध्याकाळच्या गाडीनं गेले.

पतंग पुन्हा दिसला नाही. सासरे मात्र हातपाय चालत होते तोवर दर नवरात्राआधी स्वतः चुना लावायचे. आल्यागेल्याला मागे नेऊन अभिमानानं दाखवायचे, "ही आमच्या सूनबाईची भिंत हाय."