मामांचा काचेचा बांध

मामांनी जन्मभर लोकांच्या शेतांचे बांध मोजले आणि निवृत्त झाल्यावर चार फुटी टाकीत काचेचा एक बांध घातला. मामा म्हणजे माझे सासरे. मोजणी खात्यातला माणूस, शुद्ध शाकाहारी, गळ्यात तुळशीची माळ. पाळले काय, तर दोन ऑस्कर मासे, तोंडात मावेल ते गिळणारे. त्यांना गांडुळं टाकताना मामा तोंड भिंतीकडे फिरवत, म्हणजे पाप काय ते माशांच्या अंगावर.

जुन्या जालन्यातल्या त्यांच्या बैठकीत आलेल्या प्रत्येकाला आधी टाकी पाहावी लागे, मग चहा मिळे. "स्वभावानं वाईट न्हाईत हो," मामा सांगत, "जागेपायी भांडून राह्यले." त्यावर त्यांचे उपाय ठरलेले. दर रविवारी टाकीतले दगड हलवायचे, म्हणजे कोणाला आपला कोपरा ओळखू येऊ नये. दोन्ही टोकांना दोन्ही हातांनी एकदम खाणं टाकायचं. एवढ्यानंही भागलं नाही तेव्हा मध्ये काच आली, दोन्हीकडून दगडांनी टेकवलेली.

मोठ्या माशाचं नाव थोरले, लहानाचं धाकटे. ही जावयांची नावं आहेत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. थोरले जावई, म्हणजे माझे साडू, एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये होते. मी धाकटा, बियाणं कंपनीत. माझ्या लग्नात त्यांना फेटा बांधायचा राहून गेला. तेव्हापासून आम्ही एका पंगतीला बसलो नव्हतो, आणि मामांची हौस एकच, अधिक महिन्यात दोन्ही जावयांना शेजारी बसवून धोंड्याचं जेवण घालायचं.

माशांवरचा उपाय त्यांनी आमच्यावर करून पाहिला. एका अधिकात खोलीच्या दोन टोकांना दोन पाट मांडले. सासूबाई इकडून आणि शेजारच्या काकू तिकडून, एकाच वेळी तूप वाढत आल्या. मामा मध्ये उभे. "हां, आता बराबर."

"मामा," थोरले म्हणाले, "गांडुळं कधी वाढणार?"

सगळे हसले. मीही हसलो. मामा तेवढ्यावर खूश. "जमून राह्यलं," ते सासूबाईंना म्हणाले. "पुढच्या अधिकात पाटाला पाट लावू."

त्यानंतर वर्षभरातच मामांचं औरंगाबादला ऑपरेशन झालं. आठ दिवस घर बंद. सकाळी टाकी थोरल्यांनी पाहायची, संध्याकाळी मी. आता कबूल करतो. रोज संध्याकाळी मी ती काच बोटभर थोरल्यांच्या बाजूला सरकवत होतो. धाकट्याला जागा कमी आहे, असं मी मनाला समजावलं होतं. शेतकऱ्याच्या घरचा मी, दुसऱ्याचा बांध कोरायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. सातव्या दिवशी दगड नीट बसला नाही. मला ते दिसलं होतं. बस निघून जाईल म्हणून तसाच निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरले आमच्या कंपनीच्या गेटवर आले. आयुष्यात पहिल्यांदाच. "साडूभाऊ, आत्ता परत जाऊन पाह्यलं, काच आडवी पडलीय. धाकटा मेला," ते म्हणाले. "मी हात लावला न्हाई. का चुकून लागला, काय कळंना. सकाळी घाईत खाणं टाकून गेल्तो."

त्यांच्या कपाळावर घाम होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "सकाळी तुम्हीच गेल्ते ना."

मामा घरी आले तेव्हाही मी तेच सांगितलं. थोरले खाली मान घालून उभे राहिले. एव्हाना त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं. मामा नुसतं "हां" म्हणाले.

पुढच्या अधिकात आम्हाला वेगवेगळ्या दिवशी बोलावणं आलं. पहिला दिवस मला मिळाला, आणि लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं. त्यानंतरचा अधिक मामांनी पाहिला नाही.

शेवटच्या आजारात एका दुपारी मी एकटाच त्यांच्याजवळ होतो. त्यांनी माझा हात धरला.

"जावईबापू, त्या खेपेला थोरल्यांनी तोंड उघडलं न्हाई. तुम्ही मात्र समोर येऊन खरं सांगितलं. ते माझ्या ध्यानात हाये."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणालो, "झोपा आता, मामा."