देवापुढचा चार्जर

तिन्हीसांज झाली की अनुसूयाबाईंना भिंत आणि दार सारखंच. रातांधळेपणा, तोही वाढत चाललेला. म्हणून त्रिविक्रमरावांनी बायकोला लिथियम सेलवर चालणारा झगझगीत टॉर्च आणून दिला होता. तो हातात असला की बाई राजाजीनगरातल्या घरातून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत एकट्या जाऊन यायच्या. कुणाचा हात धरून चालायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

त्रिविक्रमराव म्हणजे जन्मजात शंकेखोर. टॉर्चबरोबर आलेला फुकटचा चार्जर त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला. सेल भरला की आपोआप थांबेल असा चार्जर मिळावा म्हणून एस. पी. रोडवरचा अख्खा इलेक्ट्रिक बाजार पालथा घातला. चार्जिंग उघड्या फरशीवर, आणि आपण समोर बसायचं. सेलवरचं प्लास्टिक जरा फाटलं की शॉर्टसर्किटच्या भीतीनं तो सेल वापरायचा नाही. मुलगा श्रीहर्ष व्हाइटफील्डहून आला की चेष्टा करायचा, “अण्णा, दूध उतू जाईल म्हणून बसल्यासारखे बसता की!” हसतील त्यांचे दात दिसतील, म्हातारबुवा काही हलायचे नाहीत.

खंडेनवमीला आयुधपूजा आली. स्कूटर, सुरी, कात्री, शिवणयंत्र, सगळ्यांना हळदकुंकू. अनुसूयाबाई म्हणाल्या, “माझं आयुध म्हणजे तो टॉर्चच की हो. चार्जर पण ठेवा देवापुढं, त्याचा लाईट लावूनच. स्वल्प, जरा बरं दिसतं.”

बायकोनं सणाचं एवढंसं मागितलं, तर नाही कसं म्हणायचं? तिन्हीसांजेला चौरंगावर लाल वस्त्र, त्यावर टॉर्च आणि चार्जर, त्यात सेल, बटण चालू. बाईंनी चाचपत प्रत्येक आयुधावर फूल आणि दक्षिणेचं नाणं ठेवलं. आरतीनंतर वाकून नमस्कार करताना रावांना दिसलं, एका सेलचं प्लास्टिक टोकाशी सोललं होतं आणि नाणं नेमकं तिथंच टेकलं होतं. हात पुढं गेला आणि थबकला. पूजा झालेलं आयुध, त्यावरचं नाणंसुद्धा, दशमीपर्यंत हलवायचं नाही, देवापुढचा दिवा आपण मालवायचा नाही. घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. देव बघून घेईल म्हणत ते स्कूटरपुढं कोहळा फोडायला बाहेर गेले. जन्मभर नको तिथं शंका काढणारा माणूस, काढायची तिथं देवाला भ्याला.

आतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. सेल पेटला होता, वस्त्र जळत होतं. टॉर्च जाईल म्हणून बाईंनी त्या जाळात उजवा हात घातला होता.

हात बरा झाला, पण तळव्याची कातडी आखडली. श्रीहर्ष आता चेष्टा करत नाही. त्यानं नवे सेल, नवा टॉर्च, चांगल्यातला चार्जर आणून दिला. रावांनी सगळे नियम पाळून सेल भरले आणि दिवेलागणीला टॉर्च बायकोपुढं धरला. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“नको हो. भीती वाटते त्याची. मी बसते इथंच, सरी? चालेल ना?”

मारुती सुटला. संध्याकाळ झाली की ती खुर्चीत बसून राहते. पूर्वी कुणाचा हात न मागणारी ही बाई आता न्हाणीघरापर्यंत जायलाही हाक मारते, “अहो, येता का जरा?” राव लगेच उठतात. तिचा आखडलेला हात हातात घेतात, आणि आपला चेहरा तिला दिसत नाही हे बरं, असं पहिल्यांदाच त्यांच्या मनात येतं.